साखरझोपेतली मालिका

सांगलीतले लोक उशिरा उठायला लागले ते 'पल्याडची वस्ती' सुरू झाल्यापासून. कृष्णेच्या घाटावर पहाटे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ हळूहळू आटली. दूधवाल्यांनी आपल्या फेऱ्या पुढे ढकलल्या. एका शाळेनं तर पालकांच्या आग्रहावरून भरायची वेळच बदलली. आणि एकदा उठले की मात्र हे सगळे लोक बोलत सुटायचे. जिन्यात, गॅलरीत, चहाच्या गाड्यावर, जिथे भेटतील तिथे.

"काय सांगू साहेब, आज नाव निम्म्या पाण्यात थांबली की!" कोपऱ्यावरचा रिक्षावाला सदाशिव म्हणायचा. "आणि नावाडी कोण, तर आमचा थोरला मेव्हणा! ज्याला धड सायकल चालवता येत नाही, तो नाव वल्हवतोय!"

निनाद फडतरे हसायचा आणि रिक्षात बसायचा. मालिका त्याच्याच कंपनीची होती. कंपनीचं नाव 'स्वप्नवेल', आणि तिथल्या आवाजाच्या विभागाचा मुख्य इंजिनिअर निनाद. पण सदाशिवचा मेव्हणा मालिकेत त्यानं घातला नव्हता. तो सदाशिवनं स्वतःच घातला होता. या मालिकेची सगळी गंमत तीच होती.

झोप ही एकसारखी नसते. ती खोल जाते, वर येते, पुन्हा खोल जाते. पहाटेकडे ती बराच वेळ वरच्या थरात तरंगत राहते. तेव्हा बंद पापण्यांखाली बुबुळं हलत असतात आणि माणूस स्वप्न पाहत असतो. या वेळी कान पूर्ण मिटलेले नसतात. बाहेर कुठे कुकरची शिट्टी झाली तर स्वप्नात आगगाडी येते. अंगावरचं पांघरूण सरकलं तर स्वप्नात बर्फ पडतो. मेंदू बाहेरचा धागा उचलतो आणि आपल्याच आठवणींच्या मागावर विणून टाकतो. हे शास्त्रज्ञांना पूर्वीच माहीत होतं. 'स्वप्नवेल'नं एवढंच केलं, की कपाळावर बांधायची एक मऊ पट्टी बनवली. तिला स्वप्नाची सुरुवात ओळखता येई. मग ती कानाशी अगदी हलका आवाज करी, किंवा इवल्याशा कुपीतून एखादा वास सोडी. वल्ह्याचा आवाज. ओल्या दोरखंडाचा वास. दूरवर कुणीतरी दार लोटल्याचा आवाज. अशा एकेका खुणेला कंपनीत 'चाहूल' म्हणत. एका भागात मोजक्याच चाहुली असत. बाकीची मालिका झोपलेला माणूस स्वतः रचत असे.

नदी सगळ्यांना तीच दिसायची. पलीकडची वस्ती, घाट, नाव, तेही सगळ्यांचं तेच. पण नावाडी कोण, वस्तीतल्या त्या निळ्या दाराच्या घरात कोण राहतं, घाटावर कोण वाट पाहतं, हे प्रत्येकाचं वेगळं.

निनादला या साऱ्याचं फार अप्रूप होतं. दर रविवारी सांगलीच्या छोट्या रेडिओ केंद्रावर तो 'इंजिनिअरच्या गप्पा' नावाचा कार्यक्रम करायचा. कागद समोर न घेता, सुचेल ते बोलायचा. कधी पुलांबद्दल, कधी बातम्यांबद्दल, कधी लग्नाच्या व्हिडिओंबद्दल.

"आपण वर्षानुवर्षं पडद्यावर मालिका पाहिल्या," तो एकदा म्हणाला होता. "त्यातली सासू आपल्याला तयार मिळायची. तिचं कुंकू, तिच्या भुवया, तिच्या मागचं संगीत, सगळं तयार. आपण फक्त रागवायचं काम करायचो. आता सासू मिळत नाही, फक्त बांगड्यांचा आवाज मिळतो. राग कुणावर काढायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मला विचाराल तर यंत्रानं माणसाचं एवढंच करावं. दाराशी आवाज करावा आणि बाजूला व्हावं."

हे वाक्य पुष्कळांना आवडलं. केतकीलाही आवडलं होतं.

केतकी ही निनादची बायको. मिरजेतल्या एका दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती. पक्षाघातानं, अपघातानं अंथरुणाला खिळलेली माणसं तिच्याकडे यायची आणि ती त्यांना पुन्हा चालायला शिकवायची. तिचा जन्म मिरजेचा, शिक्षण मिरजेत, नोकरी मिरजेत आणि लग्न करून ती आली सांगलीत. "माझा सगळा प्रवास सिटी बसनं झाला," असं ती हसत म्हणायची. त्या वर्षी तिला मेळघाटातून विचारणा झाली होती. धारणीच्या पुढे जंगलात एक केंद्र होतं. तिथे कृत्रिम पाय बसवून द्यायचे, पण त्या पायांवर चालायला शिकवणारं कुणी टिकत नव्हतं. एक वर्ष याल का, असं तिथल्या डॉक्टर धुर्वेबाईंनी विचारलं होतं. केतकीनं अजून कळवलं नव्हतं. ती फक्त कधीकधी नकाशा उघडून त्या हिरव्या भागाकडे बघत बसायची.

सकाळचा चहा निनाद करायचा. झाला की चमचा कपाच्या काठावर दोनदा वाजवायचा आणि केतकी डोळे चोळत बाहेर यायची. मग ती रात्रीचा भाग सांगायची. एके सकाळी त्यानं सहजच विचारलं,

"तुझा नावाडी कोण आहे गं?"

"म्हादबा पैलवान," ती लगेच म्हणाली. "माझा पहिला पेशंट, आठवतो? अर्धं अंग गेलं होतं त्यांचं. स्वप्नात एकदम धडधाकट असतात. मला म्हणतात, बस पोरी, आज लांब जायचंय."

"आणि निळ्या दाराच्या घरात?"

"तिथे मी राहते. एकटीच. म्हणजे येणारे-जाणारे खूप असतात. कुणी काठी मागतं, कुणी भाकरी देऊन जातं." तिनं चहाचा घोट घेतला. डोळे अजून अर्धे तिकडेच होते. "फार बरं वाटतं रे तिथे."

"मी कुठे असतो?"

केतकी थांबली. खोटं बोलणं तिला जमायचं नाही. तिनं मनापासून आठवून पाहिलं.

"तू नसतोस," ती म्हणाली.

"कधीच?"

"कधीच नाही आलास बाबा. मजाच आहे, नाही?"

"मजाच आहे," निनाद म्हणाला, आणि कप विसळायला उठला.

त्याच्या स्वतःच्या वस्तीत केतकी रोज असायची. खिडकीत केस वाळवत उभी. नाव कितीही फिरून येवो, तो तिच्यातून उतरला की वर केतकी दिसायची. हे त्यानं तिला सांगितलं नाही. त्या दिवशी रिक्षात त्यानं सदाशिवला विचारलं, तुझी बायको येते का रे स्वप्नात? "रोज येते की! परवा पोलीस होऊन आली होती," सदाशिव म्हणाला. ऑफिसात विचारलं, तर एकाची बायको नावेतली सहप्रवासी होती, एकीचा नवरा घाटावरचा कुत्रा होता. कुत्रा तर कुत्रा, पण होता. निनादला त्या कुत्र्याचाही हेवा वाटला.

त्याच आठवड्यात कंपनीत एक बैठक झाली. व्यवसायाची बाजू सांभाळणारा इरफान मुजावर एक प्रस्ताव घेऊन आला होता. इरफान आणि निनाद कॉलेजपासूनचे मित्र. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शशिकला पाटणकर बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, सारं आयुष्य नाटकात काढलेल्या पाटणकरबाई 'पल्याडची वस्ती' लिहायच्या. म्हणजे संवाद लिहायच्या नाहीत, फक्त चाहुली लिहायच्या.

"एका चहाच्या कंपनीला मालिकेत थोडीशी जागा हवी आहे," इरफान म्हणाला. "जाहिरात नाही. बोलणं नाही, गाणं नाही. फक्त आधण उकळल्याचा आवाज आणि त्यांच्या चहाचा वास. घाटावर एक टपरी आहे असं लोकांना वाटेल. वाईट काय त्यात?"

"लोकांना सांगणार का आपण?" निनादनं विचारलं.

"सांगितलं तर मग उपयोग काय?"

"मग नको." निनाद उठून उभा राहिला. इतका चिडलेला त्याला कुणी पाहिला नव्हता. "अरे इरफान, पडद्यावर जाहिरात आली तर माणूस उठून पाणी प्यायला जातो. झोपलेल्या माणसाला कुठे जायला जागा असते? तो दार सताड उघडं टाकून झोपलाय, ते आपल्या भरवशावर. त्याला न सांगता आत एक वासही सोडायचा नाही. साधा वाससुद्धा नाही."

पाटणकरबाईंनी टेबलावर हात आपटून दाद दिली. इरफाननं समोरचा कागद उलटा ठेवला आणि तो म्हणाला, "ठीक आहे. पटलं मला." आणि ठराव झाला. झोपणाऱ्याला माहीत नाही अशी एकही चाहूल पट्टीत जाणार नाही. रविवारच्या गप्पांमध्ये निनाद यावर पोटतिडकीनं बोलला. कौतुकाचे फोन आले.

आणि त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत विभागात कुणी नसताना त्यानं स्वतःच्या मगात चमचा दोनदा वाजवला आणि तो आवाज टिपून घेतला.

प्रत्येक पट्टीला स्वतंत्र चाहूल पाठवून तपासणी करायची सोय इंजिनिअरांना होती. त्यानं केतकीची पट्टी निवडली. चमच्याचा आवाज इतका हलका केला की जागेपणी तो कळलाही नसता. ठरावाची आठवण झाली का? झाली. पण मनाशी त्याचं उत्तर तयार होतं. मी काही चहा विकत नाही. मी तिचा नवरा आहे. हा आवाज ती रोजच ऐकते. घरातलीच वस्तू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ठेवली, एवढंच.

पहिल्या सकाळी केतकी म्हणाली, "आज घाटावर कुणीतरी उभं होतं. लांबून दिसलं नाही."

दुसऱ्या दिवशी ती उठून थेट स्वयंपाकघरात आली आणि मागून त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

"आलास तू! घाटावर उभा होतास, हातात कपबशी घेऊन. धुक्यात. बशीत चहा सांडला होता."

"हो का?" निनाद म्हणाला. गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी दोघं तशीच उभी राहिली.

पुढचे दिवस फार सुखाचे गेले. केतकी त्याच्याकडे पुन्हा नव्यानं बघायला लागली. दवाखान्यातून येताना ती त्याच्यासाठी चाफ्याची फुलं आणायची. संध्याकाळी दोघं कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर जाऊन उभी राहायची आणि खालचं संथ पाणी बघायची. पाण्यावर उजेडाचे पट्टे हलत असायचे. तिला ते स्वप्नातल्यासारखे वाटायचे, त्याला खऱ्यासारखे. एकमेकांत मिसळलेल्या अशा त्या मऊ दिवसांत निनादला वाटायचं, किती साधी गोष्ट होती ही. एक चमचा.

मग हळूहळू तिच्या सांगण्यात फरक पडत गेला.

"म्हादबा आज आले नाहीत."

"नाव होती, पण दोर सुटतच नव्हता."

"निळ्या दाराशी गेलेच नाही मी. चहा झालाय असं वाटलं आणि अर्ध्या वाटेतून परत फिरले."

हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. आज हवा जरा ढगाळ आहे, असं म्हणावं तसं सांगत होती. निनाद ऐकत होता. त्यानं आवाज आणखी हलका केला. पण काढला नाही.

एका रविवारी सकाळी त्याचं रेडिओवरचं बोलणं आटोपून तो घरी आला, तेव्हा केतकी फोन ठेवत होती.

"धुर्वेबाईंना नाही म्हणून कळवलं," ती म्हणाली.

निनाद चप्पल काढता काढता थांबला. "का?"

"माहीत नाही. मध्यंतरी एकदा पक्कं ठरत आलं होतं माझं. म्हणजे तुला सांगणारच होते. रोज सकाळी उठले की वाटायचं, जाऊन यावं. काय होणार आहे? पण हल्ली वाटतच नाही." तिनं उशीचा अभ्रा सरळ केला, पुन्हा चुरगळला. "परवा स्वप्नात नावेत पाय ठेवला आणि मागे बघितलं, तर तू उभा. चहा गार होत होता. म्हटलं, कशाला जायचं? आहे ते बरंच आहे की."

ती हसली. त्या हसण्यात दुःख नव्हतं. दुःख असतं तर निनादला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो पाटणकरबाईंकडे गेला. बाई सांगलीच्या जुन्या गावभागात राहायच्या. तो गेला तेव्हा त्या एका पितळी डब्याचं झाकण वेगवेगळ्या उंचीवरून पाडून त्याचा आवाज ऐकत बसल्या होत्या.

"बाई," निनाद म्हणाला, "एखाद्याच्या स्वप्नात आपण नसलो, तर त्याचा अर्थ काय?"

"कुणाच्या? केतकीच्या?" बाईंनी झाकण खाली ठेवलं. "अरे, बाई नाटकाला गेली तर तिनं नवऱ्याला रंगमंचावर शोधायचं का? तो घरी आहे हे तिला ठाऊक असतं, म्हणून तर ती निवांत नाटक बघते."

"आणि समजा... आपण चाहूल दिली. आपलीच."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. नाटकात इतकी वर्षं काढलेल्या बाईला पुढचं सांगावं लागत नव्हतं. त्या ओरडल्या नाहीत. उठून त्यांनी खिडकी लावली. रस्त्यावरून बँडचा आवाज येत होता, तो थांबला.

"चाहूल म्हणजे काय रे निनाद? कुणीतरी येतंय, पण कोण, ते अजून ठरलेलं नाही. ते ठरवायची मोकळीक ऐकणाऱ्याला असते. तू नाव ठरवूनच आवाज केलास. मग ती चाहूल नाही उरत. ती हाक होते. आणि हाक आली की माणसाला ओ द्यावी लागते, झोपेतसुद्धा. बिचारी ओ देतेय."

निनादनं ते झाकण उचलून डब्यावर बसवलं.

"जा आता," बाई म्हणाल्या. "आणि चहा न पिता जा. चहाचं नाव काढू नकोस माझ्यासमोर."

घरी गेल्यावर त्यानं सगळ्यात आधी तो आवाज पट्टीतून काढून टाकला. तेवढं करून गप्प बसता आलं असतं. म्हादबा पैलवान परत आले असते, नाव सुटली असती, कदाचित केतकीचं मनही बदललं असतं, आणि कुणालाच काही कळलं नसतं. हा विचार त्याच्या मनात आला. बराच वेळ राहिलाही. पण मग ते मन तिनं स्वतःहून बदललं की त्यानं बदलू दिलं, हे एकट्या त्यालाच माहीत असणार होतं. जन्मभर.

केतकी गॅलरीत ऊन अंगावर घेत पावट्याच्या शेंगा सोलत होती. तो समोर जमिनीवर बसला. आणि सांगितलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं, तपासणीची सोय, जेवणाची सुट्टी, तो मग, तो चमचा.

केतकीचे हात थांबले.

"ऐकव," ती म्हणाली.

त्यानं फोनवर तो आवाज लावला. टिण्, टिण्. उन्हात तो फारच क्षीण वाटला.

"एवढाच?"

"एवढाच."

तिनं मांडीवरची टरफलं गोळा करून बाजूला सारली. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"मी रोज सकाळी उठून तुला सांगत होते," ती म्हणाली. "आज तू आलास, आज तू असा उभा होतास. किती आनंदानं सांगत होते रे. आणि तू 'हो का?' म्हणत होतास."

निनादला वाटलं होतं, ती मेळघाटाबद्दल बोलेल, पट्टीबद्दल बोलेल, त्या ठरावाबद्दल बोलेल. या 'हो का'चा त्यानं विचारच केला नव्हता.

"मला भीती वाटली," तो म्हणाला. "तू तिकडे सुखात होतीस. माझ्याशिवाय."

"मग? सुखात असले तर काय झालं?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझं एवढंसं एक गाव होतं. तिथे मी तुझ्यावर रागावून गेले नव्हते. तुला सोडून गेले नव्हते. नुसती गेले होते. तेवढंही नाही बघवलं तुला?" मग ती उठली. सोललेले दाणे त्याच्या हातात दिले. "हे धुऊन ठेव. मी जरा दादाकडे जाऊन येते."

ती मिरजेला भावाकडे गेली आणि आठवडाभर तिथेच राहिली. पट्टी तिनं टेबलावर ठेवली होती.

निनादनं ऑफिसात इरफानला सांगितलं. इरफाननं पूर्ण ऐकून घेतलं.

"त्या दिवशी सगळ्यांसमोर तू मला चोर ठरवलंस," तो म्हणाला.

"हो."

"आणि मला ते पटलं होतं, निनाद. घरी जाऊन बायकोला सांगितलं मी, म्हटलं, आपला निनाद म्हणजे सोनं आहे." तो खुर्चीत मागे रेलला. "कंपनी सोडू नकोस. पण चाहुलींना आता तू हात लावायचा नाहीस."

ती तपासणीची सोय सगळ्यांसाठीच बंद झाली. निनादला पट्टीच्या बॅटरीवर काम करायला बसवलं. त्यानं ते मुकाट्यानं घेतलं. रेडिओच्या कार्यक्रमात त्यानं एकदाच हे सगळं सांगितलं, स्वतःच्या नावानं, फाटे न फोडता. त्या दिवशी कौतुकाचे फोन आले नाहीत. शिव्यांचे आले, आणि काही लोकांचे नुसते विचारायला. "आमच्या पट्टीत काय काय वाजतं ते आम्हाला कसं कळणार?" असं ते विचारत होते. प्रश्न सरळ होता. बॅटरीचं काम सांभाळून निनादनं त्यावर एक छोटी रचना सुचवली. उठल्यावर पट्टीवर बोट ठेवलं की रात्रीच्या सगळ्या चाहुली जागेपणी ऐकू येतील, एकामागून एक. पाटणकरबाईंनी तिला 'उजळणी' असं नाव दिलं. सुरुवातीला लोकांनी त्या चाहुली हौसेनं ऐकल्या. मग बहुतेकांनी सोडून दिलं. वल्ह्याचा आवाज, दार, बांगड्या, एवढंच तर होतं. पण हवं तेव्हा ऐकता येतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तेवढ्यानं ते निर्धास्त झोपत होते.

केतकी परत आली, तेव्हा ती कमी बोलायची. राग ओसरला होता, पण त्याच्या जागी अजून काही आलं नव्हतं. चहा आता ती स्वतः करायची. एका संध्याकाळी तिनं सांगितलं, "धुर्वेबाईंशी बोलले. माझी जागा त्यांनी दुसऱ्या मुलीला दिली होती. पण ती कंटाळून परत गेली. दिवाळीनंतर या म्हणाल्या."

"जाणार तू?"

"माहीत नाही अजून. या वेळी जरा जागेपणी विचार करते."

तिनं विचार केला. दिवाळीनंतर ती गेली.

ती गेल्यावर घर फार मोठं झालं. निनादनं स्वतःची पट्टी बांधणं सोडून दिलं होतं, त्यामुळे खिडकीत केस वाळवणारी केतकीही दिसेनाशी झाली. फोनवर ती मोजकं बोलायची. जंगलात रेंज धड नसायची, आणि असली तरी ती दमलेली असायची. पण माघाच्या थंडीत एकदा तिनंच विचारलं, "येऊन बघणार का?"

तो रेल्वेनं अकोल्याला उतरला आणि तिथून बसनं निघाला. घाट चढताना सागाची मोठाली वाळलेली पानं रस्त्यावर सरसरत होती. उन्हात धूळ तरंगत होती, सोनेरी, आणि तिच्यातून झाडं पुढे येत होती नि मागे जात होती. जागं असूनही त्याला सगळं झोपेतल्यासारखं वाटत होतं. पण त्यातलं काहीच त्यानं रचलेलं नव्हतं.

केंद्र म्हणजे कौलारू छपराची एक लांबट खोली होती. दार उघडं होतं. आत दोन समांतर दांड्यांच्या मधे एक उंच, काळासावळा माणूस उभा होता. त्याचा एक पाय नवा होता. त्याच्या मागे, एक हात त्याच्या कमरेशी धरून केतकी उभी होती. ती उन्हानं रापली होती. केस वर बांधलेले. ती त्या माणसाला काहीतरी सांगत होती, निम्मं मराठीत, निम्मं तिथल्या कोरकू बोलीत. तो हसत होता, ती त्याला दटावत होती. भिंतीशी बसलेल्या बायाही हसत होत्या. त्या खोलीत कशाचीच उणीव नव्हती.

निनाद दाराबाहेर थांबला. पूर्वी हेच दृश्य तिनं सांगितलं असतं, तर त्यानं लगेच विचारलं असतं, मी कुठे होतो? आता तो नुसता बघत राहिला. ती किती छान दिसते आहे, असं त्याला वाटलं. कितीतरी दिवसांत त्यानं तिला असं, ती त्याच्याकडे बघत नसताना, पाहिलंच नव्हतं. खोकावं, हाक मारावी, असं त्याला एकदाही वाटलं नाही. पिशवी पायाशी ठेवून तो उभा राहिला. घाई नव्हती.

दांड्या संपल्या. आता त्या माणसाला मोकळ्या जमिनीवर यायचं होतं. तो कचरला. केतकीनं मदतीला कुणी दिसतंय का म्हणून मान वळवली, आणि तिला दारातला निनाद दिसला.

क्षणभर ती तशीच बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हसू उमटलं, सावकाश.

"कधी आलास? उभा काय राहिलायस?" ती म्हणाली. "ये, यांना त्या बाजूनं धर. हे बाबूलाल कासदेकर. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. ते जातील तिकडे जायचं."

निनाद आत आला. त्यानं हात पुढे केला. बाबूलालनं आपला खडबडीत पंजा त्याच्या मनगटाभोवती घट्ट आवळला आणि समोरच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या उन्हाच्या दिशेनं पाय उचलला.